मंगळवारी नको म्हटलेली माणसं

टॉलिव्हर, शाळेच्या जेवणघरातून
(कचेरी अजून वाळते आहे)
मंगळवार, २१ जुलै

आदरणीय हॉबर्टदादाच्या दोन्ही पायांना (डाव्या गुडघ्याला जरा बेतानं) धाकट्या चुलतभावाचा, व्हर्लिनचा, नमस्कार पोचावा. इकडचं क्षेमकुशल लिहायला घेतलं आणि पेन थांबलं, म्हणून आधी तुझंच विचारतो. गुडघा कसा आहे? डॉक्टरनं सांगितलेला पट्टा बांधतोस की अजून तो खुर्चीच्या पाठीला टांगून ठेवला आहेस? मर्टलवहिनींनी यंदा घेवड्याच्या किती बरण्या भरल्या? तुमच्याकडे नदी कुंपणाला शिवून परत गेली असं ऐकलं. देवाची कृपा. (तू मात्र ती स्वतःची कामगिरी म्हणून सांगत हिंडतोस असंही ऐकलं.) तू बॅस्कम काउंटीचा आपत्ती व्यवस्थापक, मी टॉलिव्हर काउंटीचा. एका घराण्यात असे दोघे निघाले याचं आजोबांना मोठं नवल वाटलं असतं, कारण त्यांच्या मते आपण दोघे मुळात आपत्तीच होतो.

पत्र अशासाठी, की तू माझा फोन उचलत नाहीस. नोव्हेंबरातल्या टर्कीच्या जेवणापासून उचललेला नाहीस, आणि कारण ती बोट. तुझ्या काउंटीची बोट मी परत आणली तेव्हा तिच्या तळाला भोक होतं, आणि ते आधीपासूनच होतं असं मी भर पंगतीत वहिनींच्या आईसमोर शपथेवर सांगितलं. तर दादा, ते भोक मी पाडलं. खडकावर घातली. आठ महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते इथे एका ओळीत मावलं. गेल्या दोन आठवड्यांत मला खरं लिहायची सवय लागली आहे. ती कुणी लावली ते पुढे येईल.

आता हकिगत. सात तारखेला, मंगळवारी सकाळी, राजधानीतून राज्याच्या आपत्ती खात्याचा फोन आला. माणूस बोलायला फार मऊ होता (मला मऊ बोलणाऱ्यांचा संशय येतो, हे तुला माहीत आहे, कारण तो मला तुझ्याकडून आला). तो म्हणाला, उद्या तुमच्या डोंगरात पाऊस फार आहे आणि आमची एक तुकडी तयार आहे. आठ-नऊ माणसं, निरनिराळ्या काउंट्यांत हेच काम करणारी. ती तुमच्या हाताखाली राबतील, कारभार तुमचाच राहील, निर्णय तुमचेच. फक्त मागणी तुमच्याकडून यायला हवी. तुम्ही सही केल्याशिवाय आम्हाला तुमच्या हद्दीत पाऊल टाकता येत नाही. मी म्हणालो, आमचं आम्ही बघतो. तो म्हणाला, नक्की ना? मी म्हणालो, एकोणीस वर्षं बघतोय. मग मी फोन ठेवला आणि कॉफी ओतून घेतली, आणि सांगायला हरकत नाही, मला फार बरं वाटलं. परक्यांनी येऊन आपल्या टेबलावर नकाशे पसरायचे, आपल्या ओढ्यांची नावं चुकीची उच्चारायची आणि जाताना आपल्याला धन्यवाद द्यायचे, यातून मी काउंटीला वाचवलं असं मला वाटत होतं. माझी कचेरी तुला आठवतच असेल, कोर्टाच्या तळघरातली, पूर्वीची कोळशाची खोली. तिथे मी आणि कॉफीचं यंत्र असे दोघेच कर्मचारी, त्यात यंत्राची नोकरी माझ्यापेक्षा चार वर्षांनी जुनी.

बुधवारी पहाटेपासून धरलं ते धरलंच. नऊ वाजता पाणी गावात शिरलं आणि पहिल्यांदा कुठे गेलं म्हणशील? तळघरात. टॉलिव्हर काउंटीतलं पहिलं स्थलांतर आपत्ती कचेरीचं झालं, याची नोंद कुठेतरी कायमची राहणार आहे. मी दोन फोन, वायरलेसचा संच आणि कॉफीचं यंत्र एवढं घेऊन पायऱ्या चढलो. कोण कुठे राहतं, कुणाला चालता येत नाही, कुणाच्या नाकाला प्राणवायूची नळी आहे, हे सगळं ज्या जाड फायलीत होतं ती खालीच राहिली. वळून पाहिलं तर ती शांतपणे तरंगत दाराकडे निघाली होती, जणू तिला माझ्या आधी कळलं होतं. मग मी शाळेच्या जेवणघरात ठाण मांडलं, जिथे पोरांना ताट वाढतात त्या खिडकीमागे. कागद नव्हता. अग्निशमनच्या पोरांसाठी कुणीतरी पिझ्झे पाठवले होते, त्यांच्या खोक्यांच्या झाकणांवर मी येणारे फोन लिहून घेऊ लागलो. एक झाकण भरलं की दुसरं. कुठलं झाकण कशावर ठेवलं हे माझ्या डोक्यात, आणि डोकं एका वेळी दोन फोनांवर.

त्या दिवशी मी जे केलं त्यातलं काही सांगतो, हसून घे. वाळूची पोती मी टेकडीवरच्या चर्चला पाठवली, जिथे पाणी पोचायला बायबलातल्या नोहाचा महापूर लागला असता. एका कुटुंबाकडे दोन बोटी गेल्या. त्या कुटुंबात मुळातच दोन तट होते, ते दोन बोटींत वाटून बसले आणि एकमेकांशी न बोलता सुटले. गुरुवारी मी स्थानिक रेडिओवर जाऊन म्हणालो, लोकांचं सगळं गेलंय, जे असेल ते पाठवा. हे वाक्य आपत्ती व्यवस्थापकानं कधी उच्चारू नये. लोकांनी जे होतं ते पाठवलं. जुलैच्या उन्हात लोकरीचे ओव्हरकोट आले, लग्नाचे चार झगे आले, नेकटायांचं एक खोकं, बर्फावर घसरायचा एकच बूट आणि भुसा भरलेलं हरणाचं एक डोकं. ढीग बास्केटबॉलच्या जाळीला टेकला. घर गेलेल्या लोकांनी ज्या हॉलमध्ये झोपायचं तिथे कपडे झोपले, आणि लोक शाळेच्या बसमध्ये.

आता हसू नकोस. मडलिक ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाला अर्लिस कूम्ब्स राहायचा, हे तुला सांगायला नको. आपल्या दोघांना ट्रक चालवायला त्यानंच शिकवलं. मी गिअर अडकवून त्याच्या कुंपणातून गाडी नेली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की कुंपण तसंही बदलायचं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, खुबा निकामी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"व्हर्लिन, घाई नाही रे," तो म्हणाला. "अंगणात पाणी आहे. पोरंबाळं असतील तिकडे आधी जा. माणूस मोकळा झाला की पाठव."

मी झाकणावर लिहिलं. एक वाजून पाच मिनिटांनी परत फोन.

"पायरीला लागलंय. मी आपला तयार होऊन बसलोय."

"माणूस निघालाय, अर्लिसकाका," मी म्हणालो.

दादा, मला खरोखर वाटत होतं की निघालाय. मी अग्निशमनच्या प्रमुखाला मडलिकचं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं ते मडलिकच्या खालच्या टोकाचं, आणि तिथल्या तिन्ही घरांतली माणसं त्यानं काढली. वरच्या टोकाकडे शेरीफचा माणूस गेलाय असं त्याला वाटलं. शेरीफच्या माणसाला वाटलं, मडलिक अग्निशमननं धरलंय. मला वाटलं, दोघांपैकी कुणीतरी गेलंय. तिघंही खोटं बोललो नाही. तिघांपैकी कुणाकडेच एक यादी नव्हती, एवढंच. तीन वाजले तरी अर्लिसचा पुन्हा फोन आला नाही, आणि मी मनात म्हणालो, चला, सुटला म्हणजे.

गुरुवारी दुपारपर्यंत मी उभ्या उभ्या झोपू लागलो होतो. तुझी भावजय नेल्डा डबा घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही मला सकाळपासून फोनवर तीनदा मॅडम म्हणालात, आणि एकदा पत्ता विचारलात. त्या राजधानीच्या लोकांना बोलवा." मी म्हणालो, मी नाही म्हणून बसलोय, आता कुठल्या तोंडानं बोलावू? ती म्हणाली, याच. मग तिनं नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला. त्या मऊ माणसानं एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. त्याचा मला आणखी राग आला.

शुक्रवारी सकाळी ते आले. नऊ माणसं, सगळ्यांच्या अंगात सारखी जाकिटं, पाठीवर कामाचं नाव. त्यांना त्रास देण्याची माझी सगळी तयारी झाली होती. जागा नाही, टेबलं नाहीत, कॉफी संपली, हे मी पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी टेबलं आणली होती. खुर्च्या, छपाईचं यंत्र, वीज करायचं यंत्र, कॉफी, कप, शौचालयाचा कागदसुद्धा त्यांचा त्यांनी आणला होता. माझ्याकडे त्यांनी मागितली ती फक्त एक रिकामी भिंत.

त्यांची मुख्य एक बाई, रमोना थर्मंड. पंचावन्नच्या आसपासची, ठेंगणी, चष्मा दोरीला बांधलेला. पश्चिमेकडच्या तंबाखूच्या सपाट मुलखात एका काउंटीची आपत्ती व्यवस्थापक आहे. म्हणजे तुझ्या-माझ्यासारखीच, फक्त तिच्या कचेरीला खिडकी आहे. बाईंनी मला समोर बसवलं, कोरा कागद घेतला आणि विचारलं, "तुम्हाला काय काय व्हायला हवंय? आधी काय, मग काय?"

"सगळं," मी म्हणालो.

त्यांनी एक आकडा टाकला, त्याच्यापुढे 'सगळं' असं लिहिलं, खाली दोनचा आकडा टाकला आणि पेन धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. दादा, मला हुकूम सोडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ही बाई हुकूमच सोडत नाही. प्रत्येक गोष्टीवर विचारते, तुमचा निर्णय काय? पूल उघडायचा का, तुमचा निर्णय काय? कपड्यांचं काय करायचं, तुमचा निर्णय काय? शेवटी मी चिडून म्हणालो, माझा निर्णय असा की मला काही सुचत नाहीये. त्यावर त्यांनी तेही लिहून घेतलं आणि विचारलं, "मग पुढचे आठ तास तुमच्या जागी कोणी बसावं, याबद्दल तुमचा निर्णय काय?" अशा रीतीनं मला माझ्याच निर्णयानं झोपायला पाठवण्यात आलं. बालवर्गाच्या खोलीत पोरांच्या दुपारच्या झोपेच्या चटया असतात. त्यातली एक मला कमरेपर्यंत पुरली. बाकीचा मी फरशीवर.

आठ तासांचे चौदा झाले. शनिवारी सकाळी उठून मी घाबराघुबरा धावत जेवणघरात आलो, की माझ्यावाचून काउंटी बुडाली असणार. तर काउंटी ठीक चालली होती. ठीक म्हणजे माझ्यापेक्षा बरी. पाण्याच्या बाटल्यांचे ट्रक एका दारानं येत होते आणि दुसऱ्या दारानं जात होते. कपड्यांचा ढीग अख्खाच्या अख्खा एका रिकाम्या गोदामात हलला होता आणि हॉलमध्ये खाटा लागल्या होत्या. बरोब्बर सात वाजता सगळे भिंतीसमोर उभे राहिले, प्रत्येकानं आपलं सांगितलं आणि सात वाजून वीस मिनिटांनी सभा संपली. (आपल्या काउंटीत वीस मिनिटांत नुसती प्रार्थना होते.) मला इतका अपमान वाटला की मी नाश्ता नाकारला आणि मग लपून खाल्ला.

भिंतीवर एक यादी होती. त्यांच्यात लेस्टर टिब्स म्हणून एक आहे, दारातून आडवा होऊन आत येतो एवढा धिप्पाड, आणि अक्षर मोत्यासारखं. मी झोपलेला असताना त्यानं माझी पिझ्झ्याची अकरा झाकणं जमवली होती, चीज खरवडून काढलं होतं, आणि त्यावरचा प्रत्येक फोन एकाखाली एक उतरवला होता. एकशे त्रेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत नाव, जागा, काय हवं, कोण गेलं, काय झालं. मी भिंतीपाशी हात मागे बांधून फिरू लागलो, चुका काढायला. तीन ओढ्यांची नावं चुकीची निघाली आणि मला जरा बरं वाटलं. मग अठ्ठ्याऐंशीवी ओळ आली. अर्लिस कूम्ब्स, मडलिकचं वरचं टोक, खुबा, एकटा, फोन दहा-दहा आणि एक-पाच. कोण गेलं, या रकान्यात काहीच नव्हतं.

रमोनाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मागे वळून दोन माणसांची नावं घेतली. पाच मिनिटांत गाडी निघाली. रिकाम्या रकान्यात लेस्टरनं ती दोन नावं लिहिली, त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

अर्लिस दुपारी सापडला. घर जागेवर नव्हतंच. तो घराच्या अर्धा मैल खाली, स्वतःच्या ट्रकमध्ये, ट्रक सिकॅमोरच्या दोन झाडांत अडकलेला. घरातून निघून, ट्रक उंच म्हणून त्यात जाऊन बसला असावा. अंगात चर्चला घालायचा रविवारचा कोट होता. शेजारी पिशवी, नीट बांधलेली. पिशवीतल्या वस्तूंची नोंद करायचं काम लेस्टरकडे आलं. दोन सदरे, गोळ्यांची डबी, बायकोचा फोटो, आणि टोमॅटोच्या दोन बरण्या, त्यांना दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: न्यायला येणाऱ्यांसाठी. लेस्टर त्या बरण्या हातात घेऊन माझ्यापाशी आला आणि विचारू लागला की हे कुठल्या रकान्यात लिहायचं. त्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला नंबरचा फॉर्म आहे, दादा. याला नव्हता. शेवटी त्या बरण्या ज्या दोघांना अर्लिस सापडला त्यांना दिल्या. त्यांनी त्या अजून उघडलेल्या नाहीत.

रविवारी दुपारी मी शाळेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ऊन पडलं होतं आणि सगळ्या गावाला गाळाचा वास येत होता. रमोनाबाई दोन कप घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. मी विचारलं, मी मंगळवारी हो म्हणालो असतो तर? त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पाणी तेवढंच आलं असतं. पण बुधवारी सकाळी अठ्ठ्याऐंशीव्या ओळीसमोर कुणाचं तरी नाव असतं."

मी वाट पाहिली, की आता त्या म्हणतील, स्वतःला दोष देऊ नका, वगैरे. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की चार वर्षांपूर्वी त्यांच्या काउंटीवर चक्रीवादळ येणार होतं, तेव्हा त्यांनाही असाच आदल्या दिवशी फोन आला होता.

"मीही हेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आमचं आम्ही बघतो. शब्दसुद्धा तेच."

त्यांच्याकडे कितीजण गेले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कॉफी पिऊन झाल्यावर त्यांनी एक फॉर्म पुढे केला (असणारच). मदतीची मागणी कधी केली, त्याआधी देऊ केलेली मदत नाकारली होती का, नाकारली असल्यास कारण. कारणासाठी अर्धी ओळ ठेवलेली असते. मी आधी लिहिलं, गरज वाटली नाही. मग ते खोडलं आणि लिहिलं, मागायची लाज वाटली. त्यांनी वाचलं, तारीख टाकली आणि घडी घालून ठेवलं. तेव्हापासून मला हा खरं लिहायचा रोग आहे.

अर्लिसला आम्ही गेल्या बुधवारी टेकडीवरच्या चर्चमध्ये निरोप दिला. दारात माझी वाळूची पोती होती, ती ओलांडून सगळ्यांना आत यावं लागलं, शवपेटी आणणाऱ्यांनाही. तुकडीतली नऊच्या नऊ माणसं शेवटच्या बाकांवर बसली होती, जाकिटं काढून मांडीवर घडी घालून ठेवलेली. अर्लिसला त्यांतल्या कुणीच जिवंत पाहिलं नव्हतं. सगळ्यांत जास्त रडला तो लेस्टर. पाद्री मला दोन शब्द बोला म्हणाले. मी उठलो, आणि कुंपणाचं सांगायचं ठरवलं होतं तेही तोंडातून निघालं नाही, म्हणून परत बसलो. लोक माझ्याशी चांगले वागतात, दादा. कुणी काही म्हणत नाही. दुकानात गेलो तर रांगेत पुढे जा म्हणतात. मला वाटतं, एखाद्यानं तरी शिवी द्यावी.

बाकी, तुकडी आज आवरते आहे. अकरा दिवसांत त्यांनी माझ्या जेवणघराची, वेळापत्रकाची आणि सवयींची पार नासाडी केली. माझ्या हाती एक नवी फाईल ठेवली आहे, तिची एक प्रत कोर्टाच्या पहिल्या मजल्यावर आणि एक टेकडीवरच्या चर्चमध्ये. घरी मी सात वाजता स्वयंपाकघरात उभा राहून आजची कामं वाचून दाखवू लागलो आहे. काल नेल्डानं विचारलं, आजचा पहिला क्रमांक काय? मी म्हणालो, नाश्ता. तर म्हणे, कोण करणार, नाव घाला. नाव माझं घातलं गेलं. अंडी करपली, त्याचीही नोंद झाली.

वहिनींना माझा नमस्कार सांग, त्यांच्या आईंनाही (आणि बोटीचं त्यांना सांगितलंस तरी चालेल). गुडघ्याला पट्टा बांध. पत्र लांबलं. तू पहिल्यापासून कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचतोस, त्यामुळे कदाचित हे सगळं तू वाचलेलंच नसेल, आणि ते मी धरून चाललो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
व्हर्लिन

ता. क. खरं काम हे. शुक्रवारी पाऊस तुझ्या काउंटीवर आहे, आमच्यावर पडला तेवढाच, आणि तुझी जमीन आधीच भिजून बसली आहे. तुला राजधानीतून दोनदा फोन आला, हे मला तिकडूनच कळलं. तू काय म्हणालास तेही कळलं. शब्दसुद्धा तेच, दादा. हे पत्र घेऊन तुझ्या व्हरांड्यात जी ठेंगणी बाई उभी आहे, चष्मा दोरीला बांधलेला, त्याच रमोनाबाई. या लोकांना खरं म्हणजे आज घरी जायचं होतं. त्यांच्या गाड्या तुझ्या हद्दीच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबल्या आहेत, कारण तू सही केल्याशिवाय त्यांना पुढे येता येत नाही. कॉफी त्यांची त्यांच्याकडे आहे. तुला फक्त एक रिकामी भिंत द्यायची आहे. शेवटच्या गाडीत मी आहे, अंगात त्यांचंच जाकीट, पोटावर बसत नाही म्हणून उघडं. माझ्याशी बोलावं लागेल असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचून पाहिलं. आज मंगळवारच आहे. सही कर.

ता. क. दुसरा. पेट्रोल पंपावर बसून, मला आठवतं तसं, तुझ्या ब्रशी ओढ्यावरच्या अकरा घरांची यादी मागच्या बाजूला लिहिली आहे. आपण लहानपणी तिथे अंडी पोचवायला जायचो त्याच क्रमानं. कोण अजून आहे, कोण नाही, ते तू दुरुस्त कर. सातव्या घरातल्या माणसाकडे प्राणवायूचं यंत्र आहे, वीज गेली की ते बंद पडेल. चौथ्या घरात टोलीबाई एकटी राहते. तिला फोन करत बसू नकोस. तिला ऐकू येत नाही. माणूस पाठव.